कानाचा अंदाज आणि चाकावरची खूण

शेतावरचे ऑइल इंजिन काळा धूर ओकू लागले की दोष बहुधा डिझेलला दिला जातो. मग मिस्त्री येतो, नोझल साफ करतो, इंधनपंप उतरवून पुन्हा बसवतो आणि इंजिनाला कान लावून ‘आता ठोका बरोबर पडतो’ असा निर्वाळा देऊन निघून जातो. त्या निर्वाळ्याची किंमत शेतकरी पुढे हंगामभर मोजतो.

मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचे चाक एका सेकंदात ९,००० अंश फिरते. डिझेलला पेट घेण्यास किंचित अवकाश लागत असल्याने दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी साधारण वीस-पंचवीस अंश आधी फवारा सुटावा लागतो. यात दोन अंशांची चूक म्हणजे सेकंदाचा साडेचार हजारावा भाग! तो कानाने टिपता येतो, असे म्हणणे धाडसाचे होय. फवारा फार लवकर सुटला तर इंजिन ठणठणते, बेअरिंगांवर ताण येतो. हा दोष निदान ऐकू तरी येतो. उशिरा सुटला तर शक्ती घटते, डिझेल धुरावाटे जाते, पण चाल मात्र मऊ होते आणि मालक ‘इंजिन कसे गोड चालते’ म्हणून खूश असतो.

वस्तुतः कारखान्याने चाकावर खूण कोरून दिलेली असते. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून चाक हाताने सावकाश फिरवावे. डिझेलची धार ज्या क्षणी तुटते, त्या क्षणी ती खूण दर्शकासमोर आली पाहिजे. न आल्यास पंपाखालील शिमच्या पत्र्या बदलाव्यात: पत्री वाढवली की फवारा उशिरा, काढली की लवकर. परंतु खुणेवर रंगाचे थर चढलेले असतात आणि मिस्त्रीला मजुरी मिळते ती इंजिन सुरू झाल्याची, खूण जुळल्याची नव्हे. त्याला एकट्याला दोषी धरणे न्यायाचे होणार नाही.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ची मानके लागू झाल्यावर नव्या डिझेल मोटारींत फवाऱ्याची वेळ संगणकच ठरवतो. प्रशिक्षणाचा ओढा तिकडे जाणे स्वाभाविक असले, तरी विहिरीवरचे जुने इंजिन त्यामुळे बदललेले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी रब्बीच्या पाण्याआधी गावोगाव शिबिरे घ्यावीत आणि उत्पादकांनी योग्य अंश मराठीत इंजिनावरच कोरून द्यावेत. मालकानेही पैसे मोजण्यापूर्वी धार तुटताना खूण स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा, आणि त्या तासाभराची वेगळी मजुरी मिस्त्रीने मागितली तर ती घासाघीस न करता द्यावी.