तिजोरीची किल्ली आणि पाच कोटींचा खाऊ

२३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने केंद्र सरकारच्या सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चा फेब्रुवारीत झाली होती हे खरे. परंतु खात्याखात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा झालीच नाही. दोन्ही बाजूंच्या घोषणांच्या गदारोळात सर्व मागण्या एकदम मतास टाकून संमत करण्यात आल्या. संसदीय परिभाषेत यास ‘गिलोटिन’ म्हणतात. या वेळी मान कापली गेली ती मात्र लोकप्रतिनिधींच्याच अधिकाराची.

हा अधिकार लहानसहान नाही. कायद्याच्या आधाराशिवाय संचित निधीतून एक पैसाही काढता येणार नाही, असे संविधानाचे २६६ वे कलम बजावते. ११३ व्या कलमानुसार लोकसभा एखादी मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते वा तीत कपात करू शकते. मागणी कमी करून एक रुपयावर आणा, एवढी कपातसूचना मांडून साधा सदस्यही संपूर्ण धोरणाबद्दल मंत्र्याला जाब विचारू शकतो. तो एक रुपया म्हणजेच जनतेच्या हातातील तिजोरीची किल्ली होय.

ही किल्ली कशी फिरवावी, हे डॉ. राममनोहर लोहिया यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये दाखवून दिले. अविश्वास ठरावाच्या निमित्ताने त्यांनी पंतप्रधानांवर दररोज होणारा २५ हजार रुपयांचा खर्च आणि २७ कोटी लोकांचे रोजचे तीन आणे सभागृहात शेजारी शेजारी ठेवले. आकड्यांवर वाद झाला, तीन आणे की पंधरा आणे याची शहानिशा सुरू झाली, आणि दारिद्र्याचा हिशेब देणे सरकारला भाग पडले.

पुढे डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी आला. २०११-१२ पासून तो वर्षाला पाच कोटी रुपये आहे. खासदाराने कामे सुचवायची, जिल्हा प्रशासनाने ती करायची. रस्ता झाला, सभामंडप झाला, फलकावर नाव आले. पण हिशेब मांडला तर ४५ लाख कोटींपुढे हे पाच कोटी म्हणजे नऊ लाखांतला एक भाग! त्या एका भागाच्या मानासाठी उरलेल्या सर्व भागांवरील पहारा सैल व्हावा, हा सौदा कोणाच्या हिताचा?

खात्यांच्या स्थायी समित्या १९९३ पासून मागण्यांची छाननी करतात, मग सभागृहातील चर्चेचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. समित्यांचे काम मोलाचे आहे. परंतु त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात आणि त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मंत्र्याला सर्वांसमक्ष उत्तर द्यावे लागते ते सभागृहातच. म्हणूनच चर्चा टाळणारे सरकार दोषी आहेच, पण चर्चेची वेळ घोषणांत घालवणारा विरोधकही त्या दोषातून सुटत नाही.

याची दुरुस्ती मतदारसंघातून सुरू झाली पाहिजे. आपला खासदार गावात आला की कार्यकर्ते सभामंडप मागतात. यापुढे त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : शिक्षणाची मागणी मतास आली तेव्हा आपण कोठे होता आणि किती कपातसूचना दिल्या होत्या? हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला, तर गिलोटिनची सुरी इतक्या सहज खाली येणार नाही.