मागचं दिसत नाही, पण मिरर कार्बनचा

"मिरर अपग्रेड केले" असं जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक छाती फुगवून सांगू लागला की मी एकच विचारतो: आता मागचं जास्त दिसतं का? या प्रश्नाने माणसं दुखावतात. कौतुकाने नवा शालू दाखवावा आणि पाहुणीने "रंग जातो का हो?" विचारावं, तसा चेहरा होतो. मग उत्तर येतं, "काका, लूक बघा ना." किंवा, "दोन्ही मिळून वजन किती कमी झालं, सांगा बघू!" दिसण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, एडिसनच्या बाजूला. इथल्या मराठी पोरांना हल्ली जुन्या गाड्यांचा नाद लागलाय, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो नाद मलाही आहे. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा मियाटा आहे. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती लोकांसमोर आली आणि १९९७पर्यंत बनत राहिली. दोन सीटा, कापडी छत, वर-खाली होणारे हेडलाइट, वजन टनाच्या आसपास. ब्रिटिशांची १९६२ची लोटस एलान डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी अशी गाडी केली, की जी ब्रिटिश गाडीसारखी धावते पण रोज सुरूही होते. तिचे साइड मिरर साधे, गोलसर, बॉडीच्या रंगाचे. त्यांच्यावर कुणी जीव टाकावा असं त्यांत काही नाही, आणि तिथेच त्यांचा घात होतो.

ही गाडी उंचीला जेमतेम चार फूट. टर्नपाइक हायवेवर शेजारून पिकअप गेला तर त्याच्या दाराची कडी माझ्या डोक्याच्या वर. ट्रेलर साडेतेरा फूट उंच. त्याचं चाक तेवढं मला नीट भेटतं. पावसात छत चढवलं की डाव्या-उजव्या खांद्यामागे नुसतं काळं कापड. मागची खिडकी काचेची नसून प्लास्टिकची. उन्हाने ती पिवळी पडते, घडी घालून घालून तिला चिरा जातात, आणि मधल्या आरशात मागचं जग ताकातून बघितल्यागत दिसतं. "मान वळवून खांद्यावरून बघा" हा ड्रायव्हिंग स्कूलचा मंत्र इथे म्हणजे कापडाचं दर्शन. उरतं काय, तर दारावरचे दोन आरसे. आणि अपग्रेडवाल्यांची कात्री नेमकी त्यांच्यावरच चालते.

ओळखीतल्या एका पोराने असे 'रेसिंग' मिरर बसवले. कार्बन फायबरचं टरफल, करंगळीएवढी बारीक दांडी, तळहातात मावेल एवढी काच. विकणाऱ्याने काय काय सांगितलं होतं ते त्याने मला पाठ म्हणून दाखवलं: वजन, हवेचा विरोध, शर्यतीचा वारसा. काच किती रुंद आहे हे सांगितलं नव्हतं, यानेही विचारलं नव्हतं. "काका, एकदा चालवून तर बघा." चालवली. गावात ठीक. पार्कवे हायवेवर ताशी साठ मैल झाले आणि डावा आरसा थरथरायला लागला. मागचे हेडलाइट आधी अंडाकृती झाले, मग त्यांची आडवी रेघ झाली.

"अरे, मागे एक गाडी आहे की दोन?"

"एकच असावी, काका."

असावी! लेन बदलायची ती 'असावी'वर. कारण काही गूढ नाही. बारीक दांडीच्या टोकाला काचेचं वजन टांगलं आणि त्यावर वारा सोडला, की ते हलणारच. मूळ मिररचं बूड रुंद आहे, आत दणकट स्प्रिंग आहे. जे ओबडधोबड म्हणून याने काढून टाकलं, ते काच स्थिर धरायलाच तिथे होतं. वजन वाचवायचं असेल तर डिकीतलं सामान काढ, असं मी त्याला सुचवलं. त्याला ते आवडलं नाही.

शर्यतीचा वारसा म्हणाल, तर तोही सांगतो. १९११ची पहिली इंडियानापोलिस ५०० रे हॅरौन याने 'मार्मन वास्प' गाडीत बसून जिंकली. बाकीच्यांच्या गाडीत शेजारी एक मेकॅनिक असायचा, तोच मागे बघून कोण येतंय ते सांगायचा. हॅरौन एकटाच निघाला म्हणून इतरांनी ओरड केली, तेव्हा त्याने गाडीवर आरसा लावला आणि सगळ्यांची तोंडं बंद केली. ट्रॅक होता विटांचा. आरसा इतका हादरत होता की आपल्याला त्यात काहीच दिसलं नाही, हे त्याने पुढे स्वतःच सांगून टाकलं. म्हणजे शर्यतीच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला आरसा हा बघण्यासाठी नव्हताच, दाखवण्यासाठी होता. कार्बनवाल्यांना मूळपुरुष अगदी शोभेसा मिळालाय. फक्त हॅरौनने थाप कबूल केली, हे करत नाहीत. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०९मध्ये, डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालिकेने बायकांसाठीच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की छोटा हातआरसा जवळ ठेवा, आणि मागचं बघायचं असेल तेव्हा वर धरा. ना टरफल, ना दांडी. बाईंना आरसा कशासाठी असतो ते माहीत होतं.

आता थोडा हिशोब करू, कारण या धंद्यात हिशोब सोडून सगळं बोललं जातं. सपाट काच १५ सेंटीमीटर रुंद आणि डोळ्यापासून ६० सेंटीमीटर दूर असेल, तर एका डोळ्याला पंधरा मीटर मागे ढोबळमानाने चार मीटरचा पट्टा दिसतो. इथल्या हायवेची लेन १२ फुटांची, म्हणजे साडेतीन मीटरहून थोडी जास्त. अख्खी लेन आरशात मावते. काच १० सेंटीमीटरची केली की पट्टा अडीच मीटरवर येतो. अर्ध्या-पाऊण लेनमधली गाडी दिसेल, उरलेल्या भागातली मोटरसायकल दिसणार नाही. दोन डोळ्यांमुळे दोन्ही आकडे वाढतात, पण लहान काच मोठीपेक्षा कमीच दाखवते. या दोन इंचांसाठी लोक शेकड्यांनी डॉलर मोजतात, तेही कमी करून घेण्यासाठी!

याहून वरची पायरी म्हणजे आरसा दारावरून उचलून पुढे मडगार्डवर नेणारे. जपानमध्ये १९८३पर्यंत नियमच होता की आरसे पुढच्या मडगार्डवर हवेत. सत्तरच्या दशकातली निसान फेअरलेडी झेड तिथे तशीच विकली जायची. १९८३मध्ये दारावरच्या आरशांना परवानगी मिळाली आणि जपानी ग्राहकाने मडगार्डवरचे आरसे जवळपास टाकूनच दिले. आता अमेरिकेतले हौशी लोक त्याच काळातल्या झेडच्या धडधाकट मडगार्डला ड्रिलने भोकं पाडून ते परत बसवतात, कारण 'अस्सल जपानी' दिसतं. मान कमी वळवावी लागते हे खरं. पण वर केलेल्या हिशोबात अंतर ६० सेंटीमीटरऐवजी दीड मीटर घालून बघा: सपाट काचेचा पट्टा पावणेदोन मीटरच्याही आत येतो. म्हणून तिथे फुगीर काच लावावी लागते, आणि मग मागचा ट्रक खेळण्यातला दिसतो.

फुगीर काचेचं नाव निघालंच आहे तर अमेरिकन सरकारलाही मोकळं सोडत नाही. इथला केंद्रीय नियम सांगतो की ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच हवा. उजवीकडचा फुगीर चालतो, पण त्याची वक्रतेची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या दरम्यान हवी आणि त्यावर वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत ही सूचना हवी. डावीकडचं अंतर अचूक कळावं हा हेतू. हेतू चांगला, पण जी गाडी आरशात आलीच नाही तिचं अंतर अचूक कळून करायचं काय? युरोपात डावीकडेही फुगीर काच चालते, आणि तिथली माणसं दिसेल त्या गाडीवर जाऊन आदळत नाहीत. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातले गणिती अँड्र्यू हिक्स यांना २०१२मध्ये अशा आरशाचं पेटंट मिळालं, ज्यात सपाट काचेच्या १५-१७ अंशांच्या जागी ४५ अंशांच्या आसपास दिसतं आणि चित्र फारसं वाकडंही होत नाही. नव्या गाडीवर कारखान्याला तो इथे लावता येत नाही, कारण तो सपाट नाही. एलईडी बाण आणि निळ्या काचेची थेरं मात्र मालक हौसेने लावतो आणि त्याला कुणी हटकत नाही. ती निळी काच रात्री चकाकी कमी करते म्हणे. प्रकाशच कमी केला की चकाकी कमी होणारच.

दुसऱ्या टोकाला शुद्धतेचे पुजारी. यांच्या आरशाच्या कडेने कल्हई उडालेली, मधोमध तपकिरी डाग, पण काच बदलणार नाहीत, कारण 'ओरिजिनल' आहे. यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांची गाडी बहुधा गोधडीखाली असते, त्यामुळे रस्त्यावर कुणाला धोका नाही.

हा रोग परदेशी नाही, बरं का. पुण्यात माझ्या कॉलेजच्या दिवसांत नवी बाइक घेतली की पहिलं काम मिरर काढून ठेवणं, कारण त्याने गाडी 'अंकलची' दिसते. आजही गर्दीत खरचटतील म्हणून चारचाकीचे मिरर मिटून गाडी हाकणारे महाभाग लक्ष्मी रस्त्यावर भेटतात. ते निदान पैसे खर्च करून आंधळे होत नाहीत.

मग करायचं काय? जे केल्याने कुणी वळून बघणार नाही तेच. मिररच्या सांध्याची स्प्रिंग ढिली झाली असेल तर ती आवळायची. तिशी उलटलेल्या गाडीत ती ढिली असतेच. काच डागाळली असेल तर नवी. स्वतःच्या गाडीवर लावायला हरकत नसेल तिथे बाहेरच्या कडेला जास्त वक्र होत जाणारी, युरोपात सर्रास मिळणारी काच. ज्या चिकटवायच्या गोल आरशीला सगळे नाकं मुरडतात, ती दोन-चार डॉलरची टिकली कार्बनच्या जोडीपेक्षा जास्त दाखवते. आणि आरसा बाहेर फिरवा! जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने १९९५मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्ससाठी लिहिलेल्या निबंधात हे भूमितीने मांडलंय. डोकं डाव्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका डावा आरसा बाहेर वळवा. उजव्यासाठी गाडीच्या मध्यावर झुका आणि तसंच करा. नीट बसल्यावर स्वतःची गाडी आरशात दिसणारच नाही, आणि लोकांना नेमकं तेच सोसत नाही. स्वतःच्या गाडीची मागची गोलाई बघत बसायला आरसा हवा असतो त्यांना. मात्र हे जमायला मधल्या आरशातून मागचं दिसायला हवं, म्हणून ती पिवळी प्लास्टिकची खिडकी आधी बदला. तो खर्च मिररवाल्या खर्चातून भागतो.

हे सगळं मी त्या पोरालाही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काका, मग वेगळं काय दिसणार?" गाडी, म्हणालो. मागची.

त्याने काढून ठेवलेले मूळ मिरर विकायला काढले होते, ते मीच घेतले. डाव्याची काच माझ्या काचेपेक्षा स्वच्छ आहे. उजव्याची स्प्रिंग ढिली आहे, तिच्यासाठी दहा डॉलर कमी करून घेतले.