मिलिंदाचे नाणे



बहरीनमध्ये वाढलेली आपल्या समूहातील एक मुलगी सध्या पुण्यात अभियांत्रिकी शिकते आणि महाविद्यालयाच्या संघातून प्रश्नमंजूषा स्पर्धांत उतरते. सुट्टीत ती मनामाला आली, तेव्हा एका पराभवाची हकीकत तिने आम्हांस सांगितली. प्रश्न इंग्रजीत होता : 'लीडर ऑफ द व्हॉइसलेस' अशा अर्थाच्या नावाचे, १९२० साली मुंबईत निघालेले पाक्षिक कोणते? 'मूकनायक' हे नाव ती लहानपणापासून आजोबांच्या तोंडून ऐकत आली होती. परंतु त्या इंग्रजी शब्दांमागे आपलेच पत्र उभे आहे हे ध्यानी येईपर्यंत समोरच्या संघाने बझर दाबला होता. "उत्तर मला येत होते, प्रश्नच ओळखू आला नाही," असे ती म्हणाली.

ही खंत तिच्या एकटीची नाही. भारतात खुल्या प्रश्नमंजूषेचा पाया नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यात घातला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम'ने हा खेळ दूरदर्शनद्वारे घरोघरी नेला. तो वाढला तो मुख्यतः इंग्रजी शिक्षणाच्या वर्तुळात. 'सामान्य ज्ञान' कशास म्हणावे, हे प्रश्न काढणारा ठरवतो. ग्रीक देवतांची नावे सामान्य ठरतात आणि महाडचे चवदार तळे विशेष अभ्यासाचा विषय होते. मग आपली मुले आजी-आजोबांकडून मिळालेले ज्ञान घरी ठेवूनच स्पर्धेला जातात. "मराठी काय, सुट्टीत गावी गेल्यावर येईल," असे म्हणणारे आपण पालकही या दोषातून सुटत नाही.

महाविद्यालयीन मंडळांत विद्यार्थी स्वतःही प्रश्न काढतात. पुढच्या फेरीचे काम या मुलीकडे आले, तेव्हा तिने विचारले : ज्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर आहे, ज्याचा भिक्खू नागसेनांशी झालेला संवाद पाली ग्रंथात जतन झाला आहे, त्या राजाचे नाव बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या कोणत्या महाविद्यालयास आहे? इतिहासाचे जाणकार 'मिनँडर'पर्यंत पोचले आणि तेथेच अडले. 'मिलिंद महाविद्यालय' हे उत्तर दिले ते मराठी शाळेतून आलेल्या, तोवर गप्प बसलेल्या एका मुलाने.

त्याच ग्रंथात वादाचा एक नियम सांगितला आहे. नागसेन राजाला विचारतात, की तू पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही; राजा मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतो. मिलिंदाने पंडिताची रीत पत्करली. हरल्यावर रुसून न बसता स्वतः प्रश्न काढणारी आपली ही मुलगी त्याच रीतीने चालली, असे आम्हांस वाटते.

खिशातील बहरीनी दिनारची नोट काढून पाहा. एका बाजूस अरबी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. एक बाजू पुसली तर ती कोणी घेणार नाही. आपल्या मुलांच्या दोन भाषांचेही तसेच आहे. म्हणून आमची विनंती अशी, की येत्या शुक्रवारच्या वंदनेस प्रत्येक मुलाने एक प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत लिहून आणावा. प्रश्न पुस्तकातून उतरवू नये. गावी फोन लावून आजी-आजोबांना विचारून घ्यावा. उत्तरे आपण सारे मिळून शोधू, आणि ज्याची चूक होईल त्याने पंडितासारखे हसावे.