मंडईजवळचें 'आर्यन'

आम्हां करवीरकरांस आपल्या सिनेमाचा अभिमान वाटतो, आणि तो यथार्थच आहे. बाबूराव पेंटर यांनीं स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला तो याच नगरींत. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' हाहि येथलाच. परंतु ७ फेब्रुवारी १९२० रोजीं तो लोकांपुढें प्रथम आला, तो पुण्यास मंडईजवळच्या 'आर्यन' या लहानशा चित्रगृहांत. गंगाधरपंत पाठक यांनीं तें १९१५ सालीं सुरू केलें होतें.

मूकपट गेले, बोलपट आले, तरी 'आर्यन' टिकून राहिलें. पुढें मात्र जागेच्या कराराची मुदत सरली. जागा महापालिकेची होती. १९८३ सालीं खेळ बंद पडले व इमारतहि गेली. आज तेथें वाहनें उभीं राहतात. त्या वाहनतळास 'आर्यन' हें नांव तेवढें उरलें आहे.

'सैरंध्री'ची प्रतहि आज उपलब्ध नाहीं. चित्र गेलें, तें दाखविणारें घरहि गेलें. 'आर्यन'च्या बांकांवर बसलेलीं वडील माणसें मात्र अजून कांहीं घरांत आहेत. त्यांच्या आठवणी मुलानातवंडांनीं आजच लिहून घ्याव्या, एवढीच आमची विनंति.