पंच्याऐंशी ग्रॅमची वाटी

दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरून बाबांचे सेफ्टी शूज खाली आले. बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवली. दरवर्षी एक जोडी मिळायची. शेवटच्या दोन वर्षांच्या दोन जोड्या त्यांनी खोक्यातून काढल्याही नव्हत्या. 'गावाला शेतात घालीन' म्हणून जपलेल्या. सात वर्षांनी त्यातल्या एका जोडीत त्यांनी पाय घातले, हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि मागे फरशीवर काळ्या भुग्याची रांग पडली. सोल शिळ्या ढोकळ्यासारखा तुटत होता. वरचं चामडं मात्र अगदी कोरं करकरीत.

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एवढं जपून ठेवलं!" पण जपणंच नडलं. हे सोल पॉलियुरेथेनचे, म्हणजे बारीक हवेचे बुडबुडे कोंडलेल्या हलक्या प्लास्टिकचे. त्यांतले बरेचसे सोल अशा जातीचे असतात की, हवेतला ओलावा त्यांच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो. बूट घाला की न घाला. आमच्या पोटमाळ्यावर चार महिने दमट हवा आणि उन्हाळ्यात वर तापलेला पत्रा, म्हणजे त्या ओलाव्याला रान मोकळंच.

मी त्या वेळी कार्बनच्या हिशेबावर काहीबाही वाचत होतो. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा अहवाल सेबीला द्यावा लागतो, त्यामुळे खरेदी खात्यातली मंडळी आता बुटाच्या पुरवठादारालाही 'तुमच्या जोडीचा कार्बन किती?' असं विचारू लागली आहेत. म्हटलं, आपणही विचारू. एक बूट कापला. पुढची पोलादी वाटी काढली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. पंच्याऐंशी ग्रॅम. (आई म्हणाली, "त्याच्यावर मी रवा मोजते.")

ही वाटी म्हणजे सेफ्टी शूजचा जीव. आयएस १५२९८ या भारतीय मानकात तिच्यावर २०० जूलचा आघात करून पाहतात. वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून बोटांवर पडावं, जवळपास तेवढा. मला वाटलं होतं, कार्बनचा मोठा वाटा हिचाच असणार. पोलाद म्हटलं की भट्टी आणि कोळसा डोळ्यांसमोर येतो. पण आपल्याकडे एक किलो पोलादामागे साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. दोन वाट्या, १७० ग्रॅम. म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. बस्स.

मग बाकीचा जातो कुठे? सेफ्टी शूजचे भरवशाचे आकडे माझ्या हाती लागले नाहीत, पण धावण्याच्या बुटाचे आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका जोडीचा हिशेब मांडला: १४ किलो. आपल्या विजेच्या मापात सांगायचं तर वीस एक युनिटं. त्यातला सुमारे दोन तृतीयांश कच्च्या मालाचा नव्हे, तर बनवण्याचा. बुटात ६५ सुटे भाग आणि ते कापायला, शिवायला, तापवायला, चिकटवायला ३६० पायऱ्या. सेफ्टी शूजची घडण वेगळी, पण तिथेही कापणं, शिवणं, साच्यात सोल ओतणं आलंच.

आणि चामडं? इथे हिशेबाचीच गंमत आहे. म्हैस ढेकर देते, त्यातून मिथेन निघतो. आता तो मिथेन दुधाच्या खात्यावर लिहायचा, मांसाच्या की कातड्याच्या? कातडं हा उरलेला माल मानला तर बूट हलका होतो. किमतीच्या प्रमाणात वाटून घेतलं तर जड. तोच बूट, तीच म्हैस. म्हणून कुणी दोन दशांशांपर्यंत आकडा छापलेला बूट विकायला आणला की मी आधी त्या म्हशीची चौकशी करतो.

आता कुणी म्हणेल, कार्बनसाठी कामगाराच्या पायातले बूट कमी करायचे का? मुळीच नाही. बाबांच्या शेजारच्या मशीनवरच्या काकांच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. ते वाटीच्या आधीच्या काळातले. प्रश्न बूट देण्याचा नाही, कसला बूट देतो याचा आहे. कायम कामगाराला वर्षाला एक जोडी आणि कंत्राटदाराच्या पोराला निविदेतल्या सगळ्यात कमी दराची, जिचा सोल कूलंटच्या तेलात सहा महिन्यांत सुटतो. कार्बन दर जोडीला मोजतात; तो कामाच्या दर महिन्याला मोजला तर स्वस्त जोडी दुपटीने महाग पडते. शिवाय साच्यातच चामड्यावर ओतलेला सोल सहसा बदलता येत नाही. सोल गेला की धडधाकट चामडं आणि अजून पन्नास वर्षं टिकेल अशी वाटी, सगळंच भंगारात.

दुसऱ्या जोडीचा सोल अंगठ्याने दाबून पाहिला. खड्डा पडला तो तसाच राहिला. ती घेऊन चौकातल्या बूट शिवणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी बूट उलटा करून नाकाशी नेला, नखाने थोडा सोल उकरला आणि म्हणाले, "ह्यो धागा धरणार न्हाई. समदा खरवडून टायर लावू." दोन दिवसांनी बूट मिळाले, खाली ट्रकच्या टायरचं रबर आणि कडेने जाड पांढरी शिलाई. अडीचशे रुपये.

बाबांनी ते घालून गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. भुगा पडला नाही. "बरे आहेत," म्हणाले, "पण डावा जड लागतो."

वजनकाटा पुन्हा बाहेर निघाला. डावा ऐंशी ग्रॅम जास्त भरला. मामांकडे एकाच टायरचे दोन तुकडे नव्हते.