मुक्कामाची गाडी आणि वर्तमानकाळ

‘वर्तमानात जगा’ हा उपदेश अलीकडे इतक्या ठिकाणी ऐकू येतो की त्याविषयी शंका घेणे म्हणजे सद्भावनेविषयीच शंका घेणे वाटावे. मलाही तो उपदेश मोडीत काढायचा नाही. मात्र त्यातला ‘वर्तमान’ म्हणजे नेमके काय आणि तो कोणाचा, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घोळतो आहे. त्याचे निमित्त भोरमधल्या एका वर्गात घडले.

मी पुण्याहून एस.टी.ने ये-जा करून भोरला मराठी शिकवतो. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ आणि तिथून उजवीकडे वळून भोर, असा हा रोजचा प्रवास. गाडीतले बहुतेक प्रवासी मान खाली घालून मोबाइलमध्ये असतात, मीही असतो. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊंचे गाव म्हणून कापूरहोळचा उल्लेख मी वर्गात अनेकदा केला आहे, परंतु गाडी त्या गावावरून गेल्याचे कित्येकदा माझ्या लक्षातही आलेले नाही. ‘वर्तमान’ या शब्दाला जुन्या मराठीत बातमी असाही अर्थ होता. पत्रलेखक ‘वर्तमान’ कळवीत असत, आणि ‘वर्तमानपत्र’ या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे जगणे या दुसऱ्या वर्तमानात चालते. जे घडले, जे घडते आहे असे कोणी सांगते आहे, त्याच्या मागे मन धावत राहते आणि खिडकीबाहेरचे गाव निघून जाते. तेव्हा सजगतेची गरज मला कोणी पटवून द्यावी, अशी स्थिती नव्हती.

म्हणूनच सत्राच्या सुरुवातीला आमच्याकडे ‘ताणमुक्ती आणि सजगता’ या विषयावर कार्यशाळा ठरली तेव्हा मी उत्साहाने विद्यार्थी गोळा केले. मार्गदर्शक पुण्याहून आले होते. माणूस सालस, आवाज मृदू. डोळे मिटा, श्वासाकडे पाहा, काल संपला आहे, उद्या आलेला नाही, असे ते सांगत होते. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मात्र पुन्हा पुन्हा डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. त्यांच्या ते लक्षात आले. ते हसून म्हणाले, “थोडा वेळ घड्याळ विसर.”

“विसरले तर गाडी जाईल, सर. मुक्कामाची गाडी आहे,” ती म्हणाली.

वर्ग हसला, मार्गदर्शक हसले, मीही हसलो. तिने दप्तर उचलले आणि ती निघून गेली. मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी डेपोतून सुटून रात्री खोऱ्यातल्या गावात थांबणारी आणि सकाळी तिथूनच परत निघणारी एस.टी. ती चुकली तर भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने जाणाऱ्या त्या वाटेवर दुसरे वाहन मिळेलच असे नाही. सगळ्या वर्गात त्या क्षणाचे पक्के भान असलेली ती बहुधा एकटीच असावी, हे मला त्या वेळी सुचले नाही.

जुलैत ती सलग आठ दिवस आली नाही. मी हजेरीपटावर आठ लाल खुणा केल्या. नवव्या दिवशी तिच्या मैत्रिणीला विचारले, तेव्हा उत्तर आले, “लावणी चाललीय, सर.” दुसरे वर्ष चालू होते, ती कोणत्या वाडीची, हेही मला तोवर ठाऊक नव्हते. अवधान या विषयावर कार्यशाळा भरवणाऱ्या शिक्षकाचे अवधान एवढेच होते.

इथे थोडे शब्दाच्या इतिहासाकडे वळायला हवे. ज्याला आज आपण सजगता म्हणतो, त्या कल्पनेचा मूळ शब्द पालीतला ‘सति’. १८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांच्या भाषांतरात त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द योजला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्याला ताण कमी करण्याच्या पद्धतीचे रूप दिले, आणि तिथून तो कंपन्यांत, शाळांत आणि मोबाइलवर पोहोचला. परंतु ‘सति’ म्हणजे संस्कृतातली ‘स्मृति’. ध्यानाच्या परिभाषेत तिचा अर्थ जुने आठवत बसणे असा नाही, जागरूकता असाच आहे. तरीही जागरूकतेसाठी त्या भाषेने आठवणीच्या कुळातला शब्द निवडला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने सहज सोडून देऊ नये. मराठी वाचकाला हे परके नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी बौद्ध साधनेचा परिचय मराठीतून करून दिला, तो कबात-झिन यांच्या कितीतरी आधी. मात्र परदेशाची वारी करून परतलेल्या सजगतेने वाटेत आपले कूळ टाकून दिले असावे. ‘काल संपला आहे’ हे वाक्य ती अगदी सहज उच्चारते.

भोर-वेल्ह्यात ते वाक्य सहज उच्चारता येत नाही. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. वेल्ह्याकडे आंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव झाले. पुण्याच्या स्मरणात पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१ चा पूर. खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात पानशेत म्हणजे पाण्याखाली गेलेली गावे, देवळे आणि भातखाचरे. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की एक जुने शिवमंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. एरवी तेच पाणी शनिवार-रविवारच्या शांततेची जागा असते. काठावर निवास उभे राहिले आहेत, ‘निसर्गाच्या कुशीत’ अशा पाट्यांखाली जमिनीचे तुकडे विकले जात आहेत, आणि शहरातून आलेली दमलेली माणसे पाण्याकडे तोंड करून श्वास मोजत बसतात. त्यांचा दमणूक खरी आहे, त्यांना मिळणारा विसावाही खरा असेल. पण तेच पाणी पाहणाऱ्या शेजारच्या म्हाताऱ्याला त्यात काल दिसत असतो. धरणाच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांना तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांना त्यात उद्याही दिसतो. अशा माणसाला ‘काल संपला’ असे सांगणे हे शहाणपण नव्हे, ते त्याच्याकडे न पाहणे आहे.

त्या विद्यार्थिनीच्या वाडीवर मी एका रविवारी गेलो. पाऊस लागून होता. ती, तिची आई आणि वाडीतल्या चार-पाच बायका खाचरात वाकलेल्या होत्या. सावडीचे काम, आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. इरल्यांच्या जागी आता प्लॅस्टिकचे कागद आले आहेत, एवढाच फरक. तिथे शांतता मुळीच नव्हती. खताचा भाव, कोणाचे तरी आजारपण, शिरवळला कंत्राटी कामावरून घरी बसलेला भाऊ, असे सारे अखंड बोलणे चालले होते. त्या बोलण्यात काळजी होती, भविष्य होते, मागच्या वर्षी कुजलेले रोप होते. आणि हात मात्र चुकत नव्हता. मुठीतून रोपे सुटत होती, सारख्या अंतरावर चिखलात बसत होती.

मीही उतरलो. लावणी करताना मागे मागे सरकायचे असते. पाय कुठे पडेल या धास्तीने मी सारखा वळून पाहू लागलो. तिची आई म्हणाली, “मागं काय बघताय, सर? पुढची वळ बघा. पाय आपसूक जातोय.” पुढची ओळ म्हणजे आधी लावून झालेली. लावलेले डोळ्यांपुढे ठेवायचे आणि न दिसणाऱ्या जागेत पाय टाकत जायचे. हातातल्या त्या रोपात उन्हाळ्यात भाजलेला राब होता, गेल्या हंगामात राखून ठेवलेले बियाणे होते आणि दिवाळीच्या सुमाराला घरात येणारा तांदूळ होता. काल आणि उद्या वजा केले असते तर त्या क्षणी हातात काहीच उरले नसते.

यावर आक्षेप येईल की मी कष्टाला अध्यात्माचा मुलामा देतो आहे. तो धोका मला मान्य आहे. लावणीने कंबर मोडते, पाय चिखलाने कुजतात; त्या बायकांना कोणी साधक म्हटले तर त्या हसतील. ध्यानाचाही मी उपहास करीत नाही. १९७६ पासून इगतपुरीला विपश्यनेची शिबिरे भरत आली आहेत आणि तिथून सावरून परतलेली माणसे मी पाहिली आहेत. माझे म्हणणे इतकेच आहे की सजगता ही काळापासून सुटका नसून कशाकडे तरी, कोणाकडे तरी वळणे आहे. आपली भाषा हे जाणते. मराठीत आपण लक्ष देतो, कान देतो, मन लावतो. रोप लावतो तसेच. यातले एकही क्रियापद घेण्याचे नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधानच. ते वक्त्याने घरून आणता येत नाही, समोरच्याने द्यावे लागते. आजच्या बाजारातली सजगता मात्र माणूस स्वतःसाठी घेतो आणि स्वतःपाशीच ठेवतो.

साहित्य शिकवणाऱ्यांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. वाचन हे दुसऱ्याला अवधान देणेच आहे, आणि त्याचा सराव रोज तासभर करून घेण्याची संधी आपल्याला मिळते. पाठ्यक्रम संपवण्याच्या घाईत आपण ती घालवतो. कवितेतल्या स्त्रीचे दुःख विशद करताना दुसऱ्या बाकावरची मुलगी घड्याळ का पाहते आहे, हे आपल्याला दिसत नाही.

त्या आठ लाल खुणा मी खोडल्या नाहीत; नियम नियमाच्या ठिकाणी आहे. पुढच्या पानावर मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याचे गाव आणि परतीच्या गाडीची वेळ लिहून ठेवली. शेवटचा तास आता दहा मिनिटे आधी संपतो. राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी घेता येतो.