विश्लेषण : तोंड का उघडेनासे होते? खर्रा आणि कोलॅजेनचा संबंध काय?

त्वचा तजेलदार करण्याचा दावा करणाऱ्या कोलॅजेन पावडरींच्या जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात. मात्र अमरावती, अकोल्याच्या पानटपऱ्यांवर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा हेच कोलॅजेन तोंडात नको तितके साचवतो, याची चर्चा फारशी होत नाही. ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ नावाचा हा आजार नेमका काय आहे?

कोलॅजेन म्हणजे काय?

शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के कोलॅजेन असते. हाडे, त्वचा, रक्तवाहिन्या यांची बळकटी त्यावर अवलंबून असते. तीन पेडांच्या दोरासारखी त्याची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मद्रास विद्यापीठात १९५४-५५ मध्ये मांडली. हा दोर पक्का होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते; ते आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्र्यातही असते. ते फारच कमी पडले तर हिरड्यांतून रक्त येते. निरोगी शरीरात जुने कोलॅजेन मोडते, नवे तयार होते. हा तोल महत्त्वाचा.

खर्रा हा तोल कसा बिघडवतो?

खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. दोष सहसा तंबाखूला दिला जातो, पण या आजाराचे मुख्य कारण सुपारी आहे. तिच्यातील अरेकोलीनमुळे गालाच्या आतील पेशी जास्त कोलॅजेन बनवतात. सुपारीतील तांब्यामुळे कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट जखडले जातात. कातडे कमावताना टॅनिन वापरले की ते कुजत नाही. सुपारीतील टॅनिनमुळे तोंडातील कोलॅजेनही तसेच मोडेनासे होते. आवक वाढते आणि जावक थांबते. म्हणूनच ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो’ हा दिलासा खोटा आहे.

लक्षणे कोणती?

सुरुवातीला तिखट खाताना तोंडाची आग होते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठर होते आणि तोंड कमी उघडू लागते. घरच्या घरी तपासता येते. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. ती जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नका. व्यायाम, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांनी काही प्रमाणात आराम पडतो, पण घट्ट झालेला थर पूर्ववत होणे कठीण असते. खर्रा सोडणे हाच पहिला उपचार.

धोका किती?

हा आजार कर्करोगाची पूर्वपायरी मानला जातो. केरळमधील एर्नाकुलम येथे ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले असता त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये खुद्द सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले.

बंदी असूनही हे कसे?

राज्याने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. पण खर्रा गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. सिगारेटच्या पाकिटावर इशाऱ्याचे चित्र असते, खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच नसते. टपऱ्यांवर अधूनमधून छापे टाकून हे थांबणार नाही. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत. शाळा, आयटीआय आणि बाजार समित्यांमध्ये त्यांची तपासणी शिबिरे नियमित व्हायला हवीत. तीन बोटांच्या चाचणीला ना यंत्र लागते, ना पैसा. पोराचे तोंड भाकरीचा घास घेण्यापुरतेही उघडेनासे झाल्यावर दवाखाना गाठण्यापेक्षा ही चाचणी आज शाळेच्या वर्गात होणे अधिक शहाणपणाचे आहे.